हॅशला पहिल्यांदा निघालात? मग हे वाचून निघा

रस्त्याच्या कडेला, खांबाच्या पायथ्याशी मूठभर पांढरं पीठ पडलेलं असतं. शंभरेक पावलांवर पुन्हा तेवढंच, या वेळी झाडाच्या बुंध्यापाशी. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं, कुणाच्या तरी पिशवीतून सांडलं असेल. मग मागून वीस-पंचवीस माणसं येतात, काही पळत, काही झपाझप चालत. पुढचा एकजण ते पीठ बघतो आणि ओरडतो, "ऑन-ऑन!" मागचे सगळे त्या आवाजाच्या रोखाने वळतात.

ही हॅश हाऊस हॅरियर्सची दौड. बोलताना सगळे नुसतं 'हॅश' म्हणतात आणि जाणाऱ्याला 'हॅशर'. जगभर असे गट आहेत. गटाला 'केनेल' म्हणायची पद्धत आहे आणि प्रत्येक केनेल स्वतःच्या मर्जीचं मालक. सगळ्यांवर हुकूम चालवणारं मुख्यालय नाही, प्रवेशाची अट नाही, घड्याळ घेऊन उभा राहणारा कुणी नाही. मी बरीच वर्षं हॅशला जातोय. पहिल्या दौडीनंतर जे नवे लोक परत येत नाहीत, त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: "एवढं पळणं आपल्याला जमायचं नाही." मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यांना कुणी आधी नीट सांगितलेलंच नसतं. हॅश म्हणजे वाट शोधण्याचा खेळ आहे. पाय लागतात, पण डोळे आणि कान त्याहून जास्त लागतात. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

हे आलं कुठून

थोडा इतिहास माहीत असला की हॅशमधल्या अर्ध्या चालीरीती आपोआप कळतात, म्हणून आधी तो सांगतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या निवासी शाळांत मुलं एक खेळ खेळायची. एक-दोन मुलं 'ससा' व्हायची आणि कागदाचे कपटे टाकत पुढे पळायची. बाकीची शिकारी कुत्री होऊन त्या कपट्यांच्या मागावर निघायची. रग्बी इथल्या शाळेतली क्रिक रन ही दौड १८३७ च्या सुमारापासूनची. १८६८ मध्ये लंडनजवळ थेम्स हेअर अँड हाउंड्स हा क्लब निघाला, आणि रानावनातून पळण्याच्या आजच्या क्रॉसकंट्रीचा जन्म याच परंपरेतून झाला. ससा म्हणजे हेअर, आणि सशाच्या शिकारीसाठी पाळलेला कुत्रा म्हणजे हॅरियर. इंग्लंडमधल्या कितीतरी धावण्याच्या क्लबांच्या नावात आजही हॅरियर्स आहे ते यामुळे.

हा खेळ पुढे ब्रिटिश नोकरदारांबरोबर मलायात गेला. आल्बर्ट गिस्पर्ट नावाचा एक अकाउंटंट क्वालालंपूरला कामाला होता. मलाक्क्याला असताना त्याने अशा दौडी पाहिल्या होत्या, त्यात भाग घेतला होता. १९३८ च्या अखेरीस त्याने क्वालालंपूरमध्ये सेसिल ली, फ्रेडरिक थॉमसन वगैरे मित्रांना जमवून आपला गट सुरू केला. दर सोमवारी संध्याकाळी रबराच्या मळ्यांतून पळायचं, घाम गाळायचा आणि मग थंड बिअर प्यायची, असा बेत. यांतले बरेचजण सेलंगोर क्लबाच्या आवारातल्या इमारतीत राहायचे, जेवायचे. तिथलं जेवण इतकं रोजचं आणि बेचव, की त्या जागेला त्यांनी 'हॅश हाऊस' नाव ठेवलं होतं. हॅश म्हणजे मांस आणि बटाटे बारीक चिरून परतलेला, उरलंसुरलं खपवण्याचा पदार्थ. थोडक्यात, आज जगभर मिरवणारं हे नाव एका खाणावळीवरच्या तक्रारीतून आलं.

मग युद्ध आलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरच्या लढाईत गिस्पर्ट मारला गेला. त्याने सुरू केलेली गोष्ट पुढे किती पसरली, हे त्याला बघता आलं नाही. दौड संपल्यावर सगळे गोलात उभे राहतात, त्याला सर्कल म्हणतात; दर वेळी त्या सर्कलमध्ये उभा राहिलो की ही गोष्ट मला आठवते. युद्धानंतर वाचलेले मित्र परत जमले. हॅशचे हरवलेले पेले, पत्र्याचा टब, जुन्या पिशव्या यांची नुकसानभरपाई त्यांनी सरकारकडे मागितली आणि १९४६ मध्ये दौडी पुन्हा सुरू झाल्या. १९४८ नंतर मलायात आणीबाणी होती, कम्युनिस्ट गनिमांशी लढाई चालू होती, संचारबंदी होती. तरी हॅश थांबली नाही. १९५० मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी करताना उद्दिष्टं लिहून द्यावी लागली. त्यांनी चार लिहिली: सभासदांची तब्येत चांगली राहावी, सुट्टीतल्या पिण्याची झिंग उतरावी, चांगली तहान लागावी आणि ती बिअरने भागवावी, आणि वयस्क सभासदांना पटवून द्यावं की त्यांना वाटतं तेवढे ते म्हातारे झालेले नाहीत. ही चौथी ओळ माझ्या सर्वात जवळची. हॅशमध्ये सत्तरीचा माणूस पंचविशीच्या पोराबरोबर का टिकतो याचं उत्तर तिच्यात आहे, आणि ते कसं घडतं ते खाली 'चेक'बद्दल सांगताना येईलच.

१९६२ मध्ये सिंगापूरला हॅश सुरू झाली आणि तिथून ती झपाट्याने पसरली. नोकरीनिमित्त बदली झालेला हॅशर नव्या गावात गेला की तिथे केनेल काढायचा. मूळ क्वालालंपूरच्या गटाला 'मदर हॅश' म्हणतात. तो आजही सोमवारी पळतो आणि आजही फक्त पुरुषांचा आहे. १९७० च्या दशकात बायकांचे 'हॅरिएट्स' गट निघाले आणि पुढे बहुतेक ठिकाणी सगळे एकत्र पळू लागले. जगभरच्या हॅशर्सचा मेळावा, म्हणजे इंटरहॅश, १९७८ मध्ये हाँगकाँगला पहिल्यांदा भरला. २००२ चा आपल्या गोव्यात झाला होता.

आता निघायची तयारी

पहिलं काम: केनेल कुठला, दिवस कुठला, आणि तो कशा स्वभावाचा आहे याची चौकशी करा. स्वभाव हा शब्द मुद्दाम वापरतोय. काही केनेलमध्ये लहान मुलं, आजी-आजोबा सगळे येतात. काहींत दौडीनंतर जी गाणी म्हणतात ती घरच्यांसमोर म्हणता येण्यासारखी नसतात. दोन्ही प्रकार हॅशच आहेत, पण तुम्हाला कुठला हवा ते आधी ठरवा. "मुलांना आणलं तर चालेल का?" हा प्रश्न विचारला की बहुतेक गोष्टी कळतात.

बूट जुने घाला. खरोखर जुने, चिखलात गेले तरी जीव वरखाली होणार नाही असे, पण तळवा पकड असलेला हवा. नवे बूट घालून गेलात तर हॅशच्या हिशोबाने तो गुन्हा आहे, आणि काही ठिकाणी त्याच बुटातून प्यायला लावतात. गुडघ्यापर्यंतचे मोजे असले तर बरं. हॅशची वाट डांबरी रस्ता सोडून कधी ओढ्यात, कधी काटेरी झुडपांत शिरते. अशा चिखलकाट्याच्या भागाला हॅशर 'शिगी' म्हणतात आणि त्याबद्दल प्रेमाने बोलतात. बरोबर पाण्याची बाटली, शिट्टी, संध्याकाळची दौड असेल तर टॉर्च, कोरडे कपडे आणि चिखलाचे बूट टाकायला एक पिशवी. थोडे सुटे पैसे ठेवा. सुरुवातीला 'हॅश कॅश' नावाचा पदाधिकारी वर्गणी गोळा करतो, ती खाण्यापिण्यावरच खर्च होते.

वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा आणि पोचल्यावर सरळ सांगा की मी पहिल्यांदाच आलोय. लपवू नका. लपवून काही मिळत नाही, सांगून मात्र सोबत मिळते.

खडूचा पाठ

दौड सुरू होण्याआधी सगळे गोल करून उभे राहतात आणि कुणीतरी जमिनीवर खडूने किंवा पिठाने खुणा काढून दाखवतो. याला 'चॉक टॉक' म्हणतात. या वेळी गप्पा मारू नका, पुढे सरकून बघा. खुणा सगळीकडे सारख्या नसतात. एका केनेलमध्ये दोन ठिपके म्हणजे वाट पक्की, तर दुसऱ्यात तीन लागतात. दहा वर्षं हॅश केलेला माणूससुद्धा परगावी गेला की चॉक टॉक कान देऊन ऐकतो.

ज्याने वाट आखली त्याला 'हेअर' म्हणतात. बाकीचे सगळे 'हाउंड', आणि एकत्र मिळून 'पॅक'. हेअरने वाट आधीच आखून ठेवलेली असेल तर सगळ्यांना वेळ असतो. पण कधीकधी हेअर 'लाइव्ह' असतो: पिठाची पिशवी घेऊन पॅकच्या दहा-पंधरा मिनिटं आधी निघतो आणि पळता पळता वाट आखतो. त्याला पकडलं की पॅक जिंकलं.

पिठाचा एक ठिपका दिसला म्हणून ती वाट खरी, असं समजू नका. ठरलेल्या अंतरात ठिपक्यामागे ठिपका लागला पाहिजे. बराच वेळ काहीच दिसलं नाही, तर तुम्ही भलतीकडे आला आहात. शेवटच्या खुणेपर्यंत मागे या.

चेक, म्हणजे हॅशचा जीव

वाटेत एका ठिकाणी पिठाचं मोठं वर्तुळ असतं, बहुधा चौकात किंवा जिथे तीन-चार पायवाटा फुटतात तिथे. हा चेक. इथे वाट तुटते. पुढची खरी वाट कुठल्याही दिशेला असू शकते, आणि बाकीच्या दिशांना हेअरने मुद्दाम दोन-चार खोटे ठिपके टाकून ठेवलेले असतात. थोडं पुढे गेलं की खोट्या वाटेच्या शेवटी फुली किंवा आडवी रेघ भेटते: मागे फिरा.

आता काय होतं बघा. पुढे पळणारे तगडे लोक चेकवर पोचतात आणि चारी दिशांना फुटतात. एकजण चढावर, एकजण ओढ्याकडे, दोघं रस्त्याने. कुणी ओरडतो, "आर यू?" म्हणजे, तुला काही सापडलं का? दुरून उत्तर येतं, "चेकिंग!" म्हणजे अजून शोधतोय. या धावपळीत तगड्यांचं दुप्पट-तिप्पट अंतर होतं. तेवढ्यात मागचे, चालत येणारे, चेकपाशी येऊन पोचलेले असतात. त्यांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. आणि मग एका बाजूने हाक येते, "ऑन-ऑन!" सगळं पॅक तिकडे वळतं, आणि बहुतेक वेळा असं होतं की जे खोट्या वाटेवर सर्वात लांब गेले होते, तेच आता सर्वात मागे असतात.

हॅशमध्ये म्हातारे आणि तरुण, नवे आणि जुने एकत्र राहतात ते या वर्तुळामुळे. चांगल्या हेअरची परीक्षा हीच, की पॅक शेवटपर्यंत एकत्र राहिलं का. नुसती अवघड वाट कुणीही आखेल. म्हणून नवख्या माणसाने चेकवर आल्यावर लाजू नये. तुम्हीही एक दिशा पकडा, शंभर-दीडशे पावलं जा, जमिनीवर, दगडांवर, झाडांच्या मुळांपाशी नजर टाका. माझ्या पाचव्या की सहाव्या दौडीत सगळे चढाकडे पळाले, आणि मी दमलो होतो म्हणून सपाट बांधावरून गेलो. एका विटेच्या तुकड्यावर चिमूटभर पीठ दिसलं. पाच पावलांवर दुसरं. तिसरं गवताच्या पात्यांवर, दवाने भिजून गोळा झालेलं. मी "ऑन-ऑन" ओरडलो, आणि चढावर दिसेनाशी झालेली ती सगळी माणसं माझ्या आवाजावर खाली उतरून आली. तो आनंद अजून तसाच आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हाक मोठ्याने द्या, कारण मागच्यांना तुमचा आवाज हीच वाट असते. आणि खात्री झाल्याशिवाय "ऑन-ऑन" म्हणू नका. एका ठिपक्यावर ओरडलात तर अख्खं पॅक फसतं. खरी वाट सापडली की पॅकमधला कुणीतरी चेकच्या वर्तुळावर त्या दिशेचा बाण काढतो किंवा त्या बाजूचं पीठ पायाने फोडतो. हे मागून येणाऱ्यांसाठी. तुम्हाला सांगितलं तर आळस करू नका.

मागे राहिलात, चुकलात

बहुतेक ठिकाणी चालणाऱ्यांसाठी वेगळी छोटी वाट असते, आणि सर्वात शेवटी एक अनुभवी माणूस राहतो. त्याचा चेहरा निघताना बघून ठेवा. साधारण दौड तास-दीड तासाची असते. त्यातलं बरंचसं चालूनही होतं.

आवाज ऐकू येईनासे झाले आणि पीठही दिसेना, तर पुढे पुढे जाऊ नका. शेवटच्या खुणेपाशी परत या, थांबा, शिट्टी वाजवा. अंधार पडायला आला असेल तर सरळ मोठ्या रस्त्याला लागा आणि फोन करा. म्हणून निघण्याआधी कुणाचा तरी नंबर घेऊन ठेवायचा. संपल्यावर माणसं मोजली जातात. न सांगता घरी निघून गेलात तर इथे लोक तुम्हाला अंधारात शोधत बसतात. हे एवढं मात्र कधीही करू नका.

सर्कल

दौड संपली की घरी पळू नका, कारण हॅशचा दुसरा अर्धा भाग आता सुरू होतो. सगळे गोलात उभे राहतात. मध्ये ग्रँड मास्टर, म्हणजे गटाचा प्रमुख, आणि बहुधा 'रिलिजियस अॅडव्हायझर'. या नावाचा धर्माशी संबंध नाही. पाऊस पडला तर दोष याच्यावर येतो, आणि सर्कलमधले 'खटले' हाच चालवतो.

खटले म्हणजे मजेचे आरोप. कुणी जवळची वाट पकडून पुढे आला, कुणी पळताना फोनवर बोलला, कुणी दौडीला 'रेस' म्हणाला. आरोपी मध्ये येतो, त्याच्या हातात पेला देतात, सगळे गाणं म्हणतात आणि गाणं संपेपर्यंत पेला रिकामा करायचा. हा 'डाउन-डाउन'. राहिलेलं डोक्यावर ओतायचं. हेअरलाही वाट आखल्याबद्दल असाच मान मिळतो, आणि पहिल्यांदा आलेल्यांनाही. तुम्हाला मध्ये बोलावलं जाणारच. नाव सांगा, कुणी आणलं ते सांगा, हसा.

दारू पीत नसाल तर स्पष्ट सांगा. पाणी किंवा सरबत घेऊन डाउन-डाउन करणारे लोक बहुतेक केनेलमध्ये असतात आणि त्यांचा मान तसूभरही कमी होत नाही. कुणी आग्रह करत राहिला तर तो केनेल तुमच्यासाठी नाही, दुसरा शोधा. पिणार असाल तर परतताना गाडी दुसऱ्याच्या हातात द्या. यात सूट नाही.

सर्कलमध्ये बोट दाखवायचं नाही, कोपर दाखवायचं, असा अनेक ठिकाणी रिवाज आहे. काही ठिकाणी टोपी काढावी लागते. चुकलात तर डाउन-डाउन मिळेल, बाकी काही नाही.

नाव

काही दौडी झाल्या की गट तुम्हाला हॅशचं नाव देतो. किती दौडींनंतर, ते केनेलवर अवलंबून. स्वतःचं नाव स्वतः ठेवता येत नाही. तुमच्या हातून घडलेल्या एखाद्या प्रसंगावरून, तुमच्या धंद्यावरून किंवा सवयीवरून ते ठरतं आणि पुढे वर्षानुवर्षं लोक तुम्हाला त्याच नावाने ओळखतात. बँकेतला साहेब आणि रिक्षा चालवणारा एकमेकांना आयुष्यभर फक्त हॅशच्या नावाने हाक मारतात, आडनाव माहीतही नसतं. मला हॅशमधली ही सर्वात मोलाची प्रथा वाटते. पण दिलेलं नाव मनाला लागण्यासारखं असेल, तर त्याच वेळी ग्रँड मास्टरला बाजूला घेऊन सांगा. समजूतदार केनेल नाव बदलतो.

तुम्ही हेअर व्हाल तेव्हा

आठ-दहा दौडी झाल्या की कुणीतरी विचारेल, "पुढची वाट तुम्ही आखता का?" हो म्हणा, पण पहिल्या वेळी जुन्या हेअरच्या जोडीने. आधी दोनदा ती वाट दिवसाउजेडी चालून बघा. खाजगी जमीन असेल तर मालकाची परवानगी घ्या. शेतात पीक उभं असेल तर बांधावरून न्या. रेल्वेमार्ग आणि वाहता मोठा रस्ता टाळा.

पिठाबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. हॅश माहीत नसलेल्या माणसाला पांढरी पूड बघून भीती वाटू शकते. २००७ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात एका दुकानाच्या पार्किंगमध्ये पिठाने वाट आखणाऱ्या दोघा हॅशर्सना अटक झाली होती; विषारी पूड असेल या भीतीने ते दुकानही रिकामं करावं लागलं. म्हणून सरकारी कचेऱ्या, विमानतळ, शाळा, दवाखाने यांच्या जवळपास पीठ टाकू नका, खडू वापरा. पहारेकऱ्याला आधी सांगून ठेवा. आणि दौड चालू असताना कुणी विचारलं तर थांबून, हसून, नीट समजावून सांगा.

पीठ एका पावसात वाहून जातं. खडूचे बाण मात्र भिंतींवर आणि कठड्यांवर राहतात. दुसऱ्या दिवशी ओलं फडकं घेऊन जा आणि ते पुसून या, नाहीतर पुढच्या हेअरचं पॅक तुमच्या जुन्या बाणांच्या मागे लागेल.